उणे वीसमध्ये स्नोमोबाइल चालवताना नेमकं काय घालायचं?

प्रश्न थोडक्यात असा: मिनिआपोलिसला राहणारे नवरा-बायको आणि अकरा वर्षांचा मुलगा फेब्रुवारीत दोन दिवस मिनेसोटातल्या नॉर्थ शोअर ट्रेलवर स्नोमोबाइल, म्हणजे फिरत्या पट्ट्यावर बर्फातून धावणारी गाडी, चालवायला जाणार आहेत. दोन गाड्या भाड्याने, मुलगा मागे बसणार, दिवसाला पाच-सहा तास. अंदाज उणे २० सेल्सिअसचा, म्हणजे तिथल्या फोनवरचे उणे ४ फॅरनहाइट. सूट, बूट, हेल्मेट दुकानातून मिळेल. “गुलमर्गला भाड्याच्या कोटात काही त्रास झाला नव्हता; इथे थर्मलवर दोन स्वेटर आणि वर तो सूट पुरेल ना? आणि चष्म्याचं काय करायचं?”

पुरणार नाही. आणि अडचण त्या दोन स्वेटरांपासूनच सुरू होते.

गुलमर्गची फेरी बहुतेकदा अर्ध्या-पाऊण तासाची असते, वेग बेताचा, आणि उतरल्यावर समोर कहव्याची टपरी. डुलुथपासून ग्रँड मरेपर्यंतचा हा ट्रेल सुमारे २३५ कि.मी. लांब आहे आणि त्याचा बराच भाग नुसत्या जंगलातून जातो. तिथे थंडीत तासन्‌तास बसून राहायचं असतं. चालणारा माणूस किंवा स्कीवाला स्वतःची ऊब तयार करतो. ट्रेलवर सरळ गाडी हाकणारा ती फारशी करत नाही आणि मागे बसलेला तर मुळीच नाही.

आधी वाऱ्याचा हिशेब. उणे २० तापमान आणि ताशी ५० कि.मी. वारा असेल तर उघड्या कातडीला ते उणे ३५ सारखं लागतं, आणि अशा थंडीत उघडी कातडी १० ते ३० मिनिटांत गोठू शकते. मिनेसोटात स्नोमोबाइलला ताशी ५० मैलांची, म्हणजे साधारण ८० कि.मी.ची मर्यादा आहे. त्या वेगाला आकडा उणे ३८ होतो. आता उलट बाजूने बघा: ३० च्या वेगाला उणे ३३, २० ला उणे ३०. म्हणजे “हळू चालवू, मग थंडी कमी लागेल” यातून हाती फार काही लागत नाही. शिवाय हवामान खात्याच्या तक्त्यात वारा जमिनीपासून १० मीटर उंचीवर मोजलेला धरतात आणि चेहऱ्यापाशी तो कमी असतो असं गृहीत असतं. गाडीवर ५० म्हणजे चेहऱ्यावर ५०च. विंडशील्डच्या आडोशाला जेवढं शरीर आहे तेवढं सोडलं तर तक्ता सौम्यच समजा.

म्हणून माझं ठाम मत: जॅकेट किती जाड यावर डोकं खपवण्याआधी मनगट, मान, चेहरा, कंबर आणि घोटा या पाच ठिकाणच्या फटी बघा. स्नोमोबाइलवर गारठलेल्या माणसाच्या अंगावर कपडे बहुतेक वेळा पुरेसे असतात; वारा कुठून तरी आत शिरलेला असतो, नाहीतर आतले कपडे घामाने ओले झालेले असतात.

ऊब कापडात नसते, कापडात अडकलेल्या स्थिर हवेत असते. विणलेल्या स्वेटरमधून वारा आरपार जातो, म्हणून तो वरच्या सुटाशिवाय निरुपयोगी. आणि मापाच्या सुटात दोन स्वेटर कोंबले की दोन्ही दाबले जातात, हवा निघून जाते. वर काखेत आणि कोपरात करकचून बसल्याने हाताकडे जाणारं रक्त कमी होतं आणि तासाभरात बोटं बधिर होतात. मग माणूस हातमोज्यांना दोष देतो.

अंगालगतच्या थरात सुती काहीही नको. हे सगळ्यांना माहीत असतं, तरी थर्मलच्या आत सुती बनियन आणि चड्डी राहतेच. भारतातून आणलेल्या थर्मलचं लेबलही वाचा. आपल्याकडे मिळणाऱ्या बऱ्याच थर्मलमध्ये निम्म्याहून जास्त सूतच असतं. रात्री पांघरुणात ती छान, इथे नको. सूत घाम पिऊन ठेवतं आणि पाणी हवेच्या सुमारे पंचवीस पट वेगाने उष्णता ओढून नेतं. मेरिनो लोकर, चौरस मीटरला २०० ते २५० ग्रॅम वजनाची, किंवा साधं पॉलिस्टर घ्या. लोकर बरंच बाष्प पोटात घेऊनही अंगाला ओली लागत नाही. पॉलिस्टर लवकर वाळतं आणि स्वस्त पडतं. दोन्ही चालतात. अंगाला लागून बसेल पण रुतणार नाही असं माप, आणि वरचा भाग पँटमध्ये खोचून वीतभर उरेल इतका लांब.

त्यावर एक फ्लीस, गळ्यापर्यंत झिप असलेला. झिप महत्त्वाची, कारण गरम व्हायला लागलं की सगळं न उतरवता ती खाली ओढता येते. उणे १० ला चालकाला एवढं पुरतं. उणे २० ला फ्लीसवर एक पातळ पफर, म्हणजे भरण घातलेलं फुगीर जॅकेट, शक्यतो सिंथेटिक भरणाचं, कारण पिसांचं जॅकेट घामाने ओलं झालं की चपटं होतं. पायांना थर्मलवर पातळ फ्लीसची पँट. जीन्स अजिबात नको. गुडघ्यांकडे विशेष लक्ष द्या: बसल्यावर तिथे कापड ताणलं जातं, भरण चपटं होतं आणि नेमका तिथेच वारा लागतो. चांगल्या पँटींना गुडघ्यावर आणि बैठकीला जादा भरण असतं.

सर्वांत वरचं कवच वारा आणि पाणी अडवणारं हवं. दुकानात एक-अंगी सूट देतील किंवा जॅकेट आणि बिब, म्हणजे छातीपर्यंत चढणारी, खांद्यावर पट्टे असलेली पँट. एक-अंगी सुटात कंबरेला फट पडायचा प्रश्नच नाही, पण प्रातर्विधीची पंचाईत, आणि तापलं तर अर्धं उतरवता येत नाही. बिब बरी. साधी कंबरेची पँट मात्र घेऊ नका, हँडलवर वाकलं की पाठ उघडी पडते.

सूट उभ्याने घालून आरशात बघण्याला काही अर्थ नाही. दुकानातच गाडीवर बसा, हात हँडलवर ठेवा, गुडघे वाकवा, थोडं पुढे झुका, आणि दुसऱ्याला चारी बाजूंनी बघायला सांगा. बाही मनगटाच्या वर सरकते का? पँटची खालची कड बुटाच्या वर जाते का? पँटच्या आत बुटावर बसणारं एलॅस्टिकचं झाकण शाबूत आहे का? पुढच्या झिपवरची पट्टी नीट चिकटते का? भाड्याच्या सुटांमध्ये मनगटाचं व्हेल्क्रो केसांनी आणि धाग्यांनी भरून निकामी झालेलं असतं, ते हाताने ओढून बघा. धरत नसेल तर दुसरा सूट मागा. लाजू नका.

सूट, बूट, हेल्मेट भाड्याने घ्यायला हरकत नाही. आतला थर, मोजे, हातमोजे आणि चेहऱ्याचा मुखवटा मात्र स्वतःचे घ्या. पैसा खर्च करायचाच असेल तर हातमोज्यांवर करा.

हातांबद्दल जरा विस्ताराने, कारण सर्वांत जास्त तक्रार तिथलीच. आजच्या बहुतेक गाड्यांचे हँडल विजेवर गरम होतात, आणि उजव्या अंगठ्याखालच्या थ्रॉटललाही वेगळा हीटर असतो. निघण्यापूर्वी दोन्ही चालू करून हात लावून बघा. त्यांचं बटण बहुधा डाव्या हाताशी असतं. पण हँडल फक्त तळव्याला ऊब देतं आणि वारा लागतो हाताच्या पाठीला. म्हणून अशा गाडीला तळव्याकडे पातळ आणि पाठीकडे जाड असा हातमोजा लागतो. दोन्हीकडून गलेलठ्ठ स्कीचा मोजा घातलात तर हँडलची ऊब तळव्यापर्यंत पोचत नाही, ब्रेकचा लिव्हर नीट कळत नाही, आणि मग माणूस हँडल आवळून धरतो. आवळलेल्या मुठीत रक्त फिरत नाही. उजवा अंगठा दिवसभर एकाच स्थितीत एकटा बाहेर असतो, म्हणून पहिला तोच बधिर होतो. दर थांब्याला तो मुठीत घेऊन चोळा, हलवा.

मोज्याची कड आणि बाही यांचा सांधा नीट बसवा. लांब कडेचा मोजा बाहीवरून घालून दोरी ओढलीत तरी चालेल, किंवा आखूड मोजा बाहीत घालून व्हेल्क्रो आवळलंत तरी. बोटभर मनगट उघडं राहिलं तर दोन्ही व्यर्थ, कारण तिथे रक्तवाहिनी कातडीला लागून असते आणि बोटांकडे जाणारं रक्त वाटेतच गार होतं. आत पातळ लोकरीचा मोजा घालायचा तर वरचा मोजा तेवढा सैल हवा. बांगड्या, कडं, घड्याळ काढून ठेवा. बाहीच्या सांध्यात ते फट पाडतातच. अंगठीही, बोट सुजलं तर निघणार नाही. मंगळसूत्र आतल्या थराखाली गेलं की त्याचा त्रास नाही. नाकातली चमकी आणि कानातलं मात्र काढा, वाऱ्यात धातू आजूबाजूच्या कातडीपेक्षा लवकर गार होतो.

मागे बसणाऱ्याला ब्रेक-थ्रॉटल काही हाताळायचं नसतं, त्याला सरळ चारही बोटं एकत्र असणारा मिटन द्या. बोटं एकमेकांना ऊब देतात.

चेहरा. पूर्ण बंद हेल्मेट घ्या आणि शक्य असेल तर विजेवर गरम होणारी काच असलेलं. त्याची वायर गाडीच्या सॉकेटला लागते. सॉकेट आहे का, वायर बसते का, हे दुकानातच बघा. आत नाक-तोंडावर बसणारा रबरी श्वासपेटीसारखा भाग असतो, तो श्वासाचं बाष्प खाली वळवतो. तो नाकाच्या दोन्ही बाजूंना आणि गालांवर चिकटून बसला पाहिजे, नाहीतर पहिल्या पाच मिनिटांत काचेवर आतून बर्फ धरतो. मोटोक्रॉस पद्धतीचं, म्हणजे पुढे काच नसलेलं हेल्मेट आणि गॉगल डोंगरात पावडर बर्फात कसरत करणाऱ्यांसाठी ठीक, कारण त्यांना घाम येतो. ट्रेलवर तासन्‌तास बसणाऱ्याला त्यात गॉगल आणि हेल्मेट यांच्यामधली कपाळाची आणि गालाची चिंचोळी पट्टी छळते. तेच हेल्मेट मिळालं तर ती पट्टी मुखवट्याने झाकली जातेय ना ते दुसऱ्याकडून तपासून घ्या; स्वतःला दिसत नाही.

हेल्मेटच्या आत माकडटोपी नको. जाड लोकरीने हेल्मेट नीट बसत नाही, कपाळावर दाब येऊन डोकं दुखतं, आणि पडल्यावर हेल्मेट हलतं ते वेगळंच. पातळ बॅलाक्लाव्हा, म्हणजे डोकं, चेहरा आणि मान झाकणारा मुखवटा घाला, त्याची मान फ्लीसच्या आत खोचा. मानेला सलग नळीसारखा गळपट्टा. मफलर, ओढणी, स्कार्फ, लोंबणाऱ्या दोऱ्या सगळ्याला बंदी. गाडीखालचा फिरता पट्टा फार जवळ असतो, त्यात टोक अडकलं तर गळ्याला फास बसतो.

आता चष्मा. कॉन्टॅक्ट लेन्स वापरत असाल तर प्रश्न मिटला. नसेल तर प्लॅस्टिकची पातळ फ्रेम घाला. धातूची फ्रेम नाकावर आणि कानशिलावर गारठा पोचवते. श्वासपेटी चष्म्याच्या खाली घट्ट बसली आणि काच गरम होणारी असली तर चालताना फारसं धुकं येत नाही. येतं ते थांबल्यावर, कारण वारा थांबतो आणि श्वास आत कोंडतो. गाडी थांबवली की लगेच काच वर करा, ही सवयच लावून घ्या. आतून धुकं आलं तर हातमोज्याने पुसू नका: आतल्या लेपावर ओरखडे उठतात आणि पुसलेल्या थराचा बर्फ होतो. काच उघडी ठेवून कोरड्या वाऱ्याने जाऊ द्या. गॉगल घामेजलेल्या कपाळावर ढकलून ठेवायचे नाहीत, तेवढ्याने दिवसभराचं धुकं ओढवतं.

चेहऱ्याला क्रीम किंवा व्हॅसलीन चोपडलं की हिमदंश टळतो, हा समज चुकीचा आहे. कातडीला ऊबदार वाटल्याचा भास होतो आणि मुखवटा घालायचा राहून जातो. नुकसानच.

पायांची गोष्ट बुटाच्या मापावरून ठरते. बुटावर उणे ४० लिहिलंय की उणे ७० याला फार किंमत देऊ नका. त्या आकड्यांची कसोटी सगळ्या कंपन्यांची सारखी नसते आणि ती सहा तास बसून राहिलेल्या पायाची तर नसतेच. आतला फेल्टचा, म्हणजे दाबलेल्या लोकरीचा लायनर (अस्तर) बाहेर निघणारा हवा. जो मोजा घालणार तो घालून बूट घाला आणि बोटं आत मोकळेपणी हलतात का बघा. हलत नसतील तर एक माप मोठं. एकच जाड लोकरीचा मोजा पुरे. दोन मोजे कोंबणं ही सर्वांत जास्त केली जाणारी चूक: बूट घट्ट होतो, हवा संपते, रक्त अडतं. पोटरीवर तीन एलॅस्टिक एकाच जागी येऊ देऊ नका. मोज्याची कड, थर्मलची कड आणि बुटाचा वरचा पट्टा एकमेकांवर बसले की पाय बांधल्यासारखा होतो. थर्मल पोटरीच्या मध्यावर संपवा आणि मोजा त्यावरून गुडघ्याखालपर्यंत ओढा. मोजे घरून कारमध्ये बसताना घालू नका, दुकानातून निघण्याच्या ऐन वेळी घाला. तीन तासांच्या ड्राइव्हमध्ये पायाला आलेला घाम तुम्ही ट्रेलवर घेऊन जाता. आणि पायात जोडवी असतील तर ती आदल्या रात्रीच काढा. जाड मोज्यात ती बोटाला दाबतात, आणि बोट सुजलं की आणखी रुततात.

बाजारात मिळणाऱ्या गरम पुड्यांमध्ये लोखंडाची भुकटी असते, ती हवेतल्या प्राणवायूने गंजताना तापते. म्हणून घट्ट बुटात पुडी गपगार पडते. पायासाठीची खास पातळ पुडी घ्या, मोज्यावर बोटांच्या वरच्या बाजूने चिकटवा, थेट कातडीला लावू नका. बूट घालण्याआधी दहा मिनिटं उघडी ठेवून तापू द्या.

मुलाबद्दल वेगळं सांगायला हवं. मागे बसणाऱ्याला चालकापेक्षा एक थर जास्त, हा साधा नियम, आणि मूल असेल तर तो दुप्पट लागू. त्याला मोठ्या माणसाचा सूट बाह्या दुमडून घालू नका. आत पोकळी राहते, ती शरीर तापवू शकत नाही आणि गाडी हलली की भात्यासारखी गार हवा आत-बाहेर होते. मागच्या सीटला वेगळे गरम हँडल असतात, त्यांचं बटण बहुधा मागेच असतं; ते मुलाला दाखवून ठेवा. पहिला थांबा वीस मिनिटांवरच घ्या. “थंडी वाजतेय का?” विचारलं तर मूल नाहीच म्हणतं, मजा थांबेल म्हणून. त्यापेक्षा “बुटातली बोटं हलवून दाखव, अंगठ्याला कळतंय का सांग” असं विचारा, हातमोजा काढून बोटं स्वतः हातात घेऊन बघा, आणि नाकाचा शेंडा, गाल, कानाची पाळी उजेडात तपासा. पांढरट, मेणासारखा ठिपका दिसला आणि तिथे कळत नसेल तर ती हिमदंशाची सुरुवात आहे. उघड्या उबदार तळव्याने झाकून धरा, बोटं असतील तर काखेत घालायला लावा. चोळायचं नाही, बर्फ तर मुळीच लावायचा नाही. दहा-पंधरा मिनिटांत रंग आणि संवेदना परतली नाही, कातडी टणक लागली, तर फेरी तिथेच संपवून डॉक्टर गाठा. मधल्या वाटेत तो भाग ऊन पाण्याने वितळवून पुन्हा थंडीत नेऊ नका. दुसऱ्यांदा गोठलं की इजा कितीतरी वाढते. कुणी अडखळायला लागलं, बोलणं जड झालं, झिप लावता येईना, तर संपूर्ण शरीराचं तापमान उतरतंय असं समजून लगेच आडोसा शोधा.

घामाचं गणित असं: निघताना थोडंसं गारच वाटलं पाहिजे. निघताना मस्त ऊब असेल तर गाडी बर्फात रुतल्यावर पाच मिनिटांत घामाघूम व्हाल. आणि रुतणार, वळणावर ट्रेल सोडला की रुततेच. अशी गाडी दोनशे-अडीचशे किलोची असते. फावडं हातात घेण्याआधी हेल्मेट काढा, जॅकेटच्या काखेतल्या झिपा उघडा, पफर काढून सीटवर नाही तर सामानाच्या पिशवीत ठेवा. काम संपल्यावर श्वास शांत झाला की मगच सगळं बंद करा. जेवणाच्या थांब्यालाही वरचं जॅकेट आणि पफर काढूनच आत बसा. मोजे-हातमोजे गाडीच्या सायलेन्सरवर वाळत घालायचा मोह होतो, नायलॉन वितळतं.

खाणं दर तासाला थोडं, आणि तहान नसली तरी कोमट पाणी. थर्मासमधला चहा उत्तम. दारू नको: कातडीकडचं रक्त वाढल्याने गरम वाटतं आणि आतली ऊब निघून जाते, शिवाय पिऊन चालवणं हा गुन्हा आहे. सिगारेटने बोटांच्या रक्तवाहिन्या आकसतात, तीही त्या दिवसापुरती टाळलेली बरी.

गाडी बंद पडली तर चालत यावं लागेल हे धरून पिशवीत ठेवा: प्रत्येकाला कोरडे मोजे एक जोड, हातमोजे एक जोड, एक सुकी टोपी, चकाकणाऱ्या फॉइलचं ब्लँकेट, लायटर, डोक्यावरचा दिवा. फोन आतल्या खिशात, फ्लीसला लागून. बाहेरच्या खिशात बॅटरी गार पडून फोन मिटतो. तलाव ओलांडायचा असेल तर बर्फाची जाडी स्थानिकांना विचारल्याशिवाय नाही, आणि तरंगवणारं भरण असलेला सूट मिळत असेल तर तोच मागा. याच भागातल्या टॉवर गावात २ फेब्रुवारी १९९६ ला उणे ६० फॅरनहाइटची, म्हणजे उणे ५१ सेल्सिअसची नोंद झाली होती. तुमच्या दिवशी अंदाज उणे ३० च्या खाली गेला तर पोरासाठी दुसरा दिवस निवडा. पैसे बुडाले तरी चालतील.

पहिल्या रात्री मोटेलवर पोचल्यावर जेवायला जाण्याआधी बुटातले लायनर आणि आतला तळ बाहेर काढा, हातमोज्यांची आतली अस्तरं ओढून बाहेर काढा, हेल्मेटची श्वासपेटी आणि गालाच्या गाद्या सोडवा, आणि सगळं हीटरपासून हातभर लांब टांगा. शेकोटीला अगदी लागून ठेवलं तर डिंक सुटतो आणि फेल्ट आकसतं. सकाळी लायनरच्या पुढच्या टोकापर्यंत हात घालून बघा, तिथे ओल सर्वांत शेवटी जाते. ओलसर लागलं तर हेअर ड्रायर मंद ठेवून दहा-पंधरा मिनिटं आत हवा मारा, मग बूट जोडा.